सिमेंटचा पत्रा, ४० वर्षांची फाईल: ॲस्बेस्टॉसमुळे आजार झाला तर आपल्याकडे कायदा काय देतो?

गुगलवर ‘मेसोथेलिओमा’ हा शब्द इंग्रजीत टाकला की आजाराच्या माहितीबरोबर अमेरिकन वकिलांच्या साइट्सही समोर येतात. हा शब्द गुगलच्या जाहिरातींमधल्या सगळ्यात महागड्या शब्दांपैकी एक म्हणून ओळखला जातो. कारण साधं आहे. तिकडे अशा एका पेशंटची केस लाखो डॉलर्सची असू शकते. एवढी मोठी जाहिरातबाजी ज्याच्यासाठी चालते तो आजार होतो ॲस्बेस्टॉसमुळे. तोच ॲस्बेस्टॉस आपल्याकडे ‘सिमेंटचा पत्रा’ या साध्या नावानं चाळीवर, गोठ्यावर, शाळेच्या शेडवर असतो.

त्या साइट्सवर लिहिलेलं जवळपास काहीच आपल्याला लागू होत नाही. पण म्हणून इथे काहीच सोय नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा निकाल आहे, १९२३ पासूनचा भरपाईचा कायदा आहे, ईएसआय आहे. अडचण वेगळीच आहे. आजार बाहेर यायला २० ते ४० वर्षं लागतात. तोवर कंपनी बंद पडलेली असते, हजेरी कार्ड गहाळ झालेलं असतं आणि जुना एक्स-रे कधीच रद्दीत गेलेला असतो. म्हणून हा लेख जितका आजाराबद्दल आहे तितकाच कागदांबद्दल आहे.

ॲस्बेस्टॉस म्हणजे नक्की काय?

ॲस्बेस्टॉस हा कारखान्यात बनवलेला पदार्थ नाही. ते खाणीतून निघणारं खनिज आहे, फक्त दगडासारखं फुटण्याऐवजी ते कापसासारखं तंतूतंतूंनी सुटतं. आगीत जळत नाही, ॲसिडला फारसं दाद देत नाही, त्याचं सूत काढता येतं, कापड विणता येतं. म्हणून विसाव्या शतकात ते सगळीकडे घुसलं. बॉयलर आणि वाफेच्या पाइपांभोवतीचं आवरण, गाड्यांचे ब्रेक लायनर, इंजिनातली पॅकिंग, भट्टीजवळ काम करणाऱ्यांचे हातमोजे, भट्टीच्या दाराला लावायची दोरी आणि अर्थात पत्रे व पाइप.

त्याचे निळा, तपकिरी, पांढरा असे प्रकार आहेत. आज बाजारात उरलाय तो मुख्यतः पांढरा, म्हणजे क्रिसोटाइल. पत्र्यात तो साधारण ८ ते १० टक्के असतो, बाकी सिमेंट आणि इतर माल. ‘पांढरा सुरक्षित असतो’ हा दावा उद्योगाकडून वारंवार केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं मात्र सगळ्याच प्रकारांना पहिल्या गटात टाकलंय. म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या यादीत.

शरीरात काय होतं?

तंतू इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथे अडकतात. शरीर त्यांना गिळायचा, विरघळवायचा प्रयत्न करतं आणि हरतं. वर्षानुवर्षं चालणाऱ्या या झटापटीतून दोन प्रकारचं नुकसान होतं.

पहिलं म्हणजे ॲस्बेस्टॉसिस. फुप्फुसात वण धरत जातात आणि ते कडक होतं. आधी जिना चढताना धाप लागते, मग सपाट रस्त्यावर लागते. कोरडा खोकला असतो. काहींच्या बोटांची टोकं फुगीर होतात. हे वण परत जात नाहीत. औषधं त्रास कमी करतात, आजार नाही.

दुसरं म्हणजे कॅन्सर. फुप्फुसाचा, स्वरयंत्राचा, अंडाशयाचा, आणि मेसोथेलिओमा. हा शेवटचा फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाला होतो. एरवी तो इतका दुर्मीळ आहे की पेशंटला तो झाला म्हटल्यावर डॉक्टरांनी सगळ्यात आधी ‘कुठे काम करत होता?’ हेच विचारायला हवं. ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेला माणूस विडी-सिगारेट ओढत असेल तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मेसोथेलिओमाचा मात्र धूम्रपानाशी संबंध नाही. त्यामुळे ‘विडी ओढायचा, म्हणून झालं’ हे उत्तर मेसोथेलिओमाच्या बाबतीत कुणी देत असेल तर ते चूक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दरवर्षी दोन लाखांहून जास्त माणसं मरतात.

आपल्याकडे एक गोंधळ नेहमी होतो. खोकला, धाप, वजन उतरणं, एक्स-रेमध्ये डाग. सरकारी दवाखान्यात अशा माणसाला आधी टीबीची शंका येते आणि टीबी इतका सर्रास असलेल्या देशात ते साहजिकही आहे. पण थुंकीत टीबीचे जंतू सापडत नाहीत, गोळ्यांनी फरक पडत नाही आणि पूर्वी ॲस्बेस्टॉसशी संबंध आलाय, असं असेल तर छातीचा सीटी स्कॅन आणि फुंकर मारून करायची फुप्फुसाची तपासणी यांचा आग्रह धरायला हवा.

हे कधीपासून माहीत आहे? शंभर वर्षांपासून

इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात नेली कर्शॉ नावाची बाई ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. कंपनी होती टर्नर ब्रदर्स. १९२४ मध्ये ती ३३ व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉ. विल्यम कूक यांनी त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिची केस छापली. कंपनीनं जबाबदारी नाकारली, भरपाई दिली नाही. १९३१ मध्ये ब्रिटननं धुळीवर नियम केले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मेसोथेलिओमाच्या ३३ केसेस मांडल्या. त्यातले काही जण खाणीत कधीच कामाला नव्हते, नुसते आसपास राहिले होते.

पुढे टर्नर ब्रदर्सची टर्नर अँड न्यूऑल झाली, आणि तिची भारतीय कंपनी, हिंदुस्थान फेरोडो, मुंबईत घाटकोपरला ब्रेक लायनिंग आणि ॲस्बेस्टॉसचा इतर माल बनवायची. म्हणजे रॉचडेलची गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी लांब नाही.

मुंबईत याचा अभ्यासही झालाय. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी इथल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची तपासणी केली आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २३२ पैकी १८१ कामगार तपासणीला आले. त्यांच्यातल्या २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस निघाला, आणि ते सगळे २० किंवा त्याहून जास्त वर्षं नोकरीत होते. पाचात एक. आणि हे नोकरीवर असलेले. काम सोडून गावी गेलेल्यांना अशा अभ्यासात कोण मोजणार?

मग बंदी का नाही?

ब्रिटननं १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियानं २००३ च्या शेवटी, युरोपियन युनियननं २००५ मध्ये बंदी घातली. कॅनडा वर्षानुवर्षं भारतासारख्या देशांना ॲस्बेस्टॉस विकत राहिला आणि २०१८ मध्ये त्यानंही दार बंद केलं. तिथे क्युबेकमध्ये ज्या गावाचं नावच ‘ॲस्बेस्टॉस’ होतं, त्या गावानं २०२० मध्ये मतदान घेऊन नाव बदललं. अमेरिकेनं क्रिसोटाइलवर बंदीचा नियम काढला तो थेट २०२४ मध्ये.

भारताचं धोरण विचित्र आहे. आपण १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणं थांबवलं, आणि मालाची आयात मात्र चालू ठेवली. अलीकडच्या वर्षांत भारत वर्षाला तीन लाख टनांहून जास्त ॲस्बेस्टॉस मागवतो, जगात सगळ्यात जास्त. रशिया हा मोठा पुरवठादार. पत्रा स्वस्त आहे, गंजत नाही, तीस-चाळीस वर्षं टिकतो. गरिबाच्या डोक्यावर छप्पर हा बंदीविरोधातला मुख्य मुद्दा असतो आणि तो सहज झटकून टाकण्यासारखाही नाही. पण पत्र्यात सेल्युलोज किंवा दुसरे धागे वापरूनही माल बनतो, आणि भारतात काही कंपन्या तो बनवतातच.

एक गंमत बघा. २०११ च्या जनगणनेत छपराच्या प्रकारांमध्ये जीआय, लोखंडी आणि ॲस्बेस्टॉसचे पत्रे एकाच रकान्यात टाकलेत. त्यामुळे देशात किती घरांवर नेमका ॲस्बेस्टॉस आहे, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही.

२०११ मध्येच बंदीची मागणी करणारी एक याचिका सुप्रीम कोर्टानं फेटाळली. बंदी घालणं हे सरकारचं आणि कायदेमंडळाचं काम, असं म्हणून. पण त्याच निकालात कोर्टानं १९९५ चे आदेश पाळायला पुन्हा बजावलं. ते आदेश कामगाराच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आहेत.

१९९५ चा निकाल: फाईल ४० वर्षं ठेवा

अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेनं ॲस्बेस्टॉस कामगारांसाठी याचिका केली होती. २७ जानेवारी १९९५ ला निकाल आला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टानं म्हटलं. मग थेट आदेश दिले.

त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आदेश असा: प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कंपनीनं नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर अथवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपली पाहिजे. १९८८ मध्ये कामाला लागून २०१५ मध्ये निवृत्त झालेल्या माणसाची फाईल २०३० पर्यंत कंपनीकडे असायलाच हवी. ‘जुनं रेकॉर्ड नाही’ हे उत्तर कोर्टाच्या आदेशाच्या विरोधात आहे.

ईएसआय लागू असो वा नसो, प्रत्येक कामगाराला आरोग्य विम्याचं संरक्षण द्या, असंही कोर्टानं सांगितलं. त्या प्रकरणातल्या कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत फेरतपासणी करायला लावली आणि आजार निघेल त्या प्रत्येकाला कारखान्यानं तीन महिन्यांत एक लाख रुपये द्यावेत, असा हुकूम केला. एक लाख ही रक्कम १९९५ ची आहे. आज तेवढ्यात चांगल्या हॉस्पिटलमधला एक मुक्कामही कधी कधी भागत नाही. त्यामुळे खरी भरपाई दुसऱ्या दारानं मागावी लागते.

भरपाई कुणाकडे मागायची?

आधी एक प्रश्न सोडवा: नोकरीत असताना ईएसआय कापला जायचा का? दोन्ही रस्ते एकाच वेळी मिळत नाहीत. ईएसआयचं संरक्षण असलेल्या कामगाराला भरपाई कायद्याखाली मालकाकडे वेगळा दावा करता येत नाही.

ईएसआय असेल तर आजार व्यवसायामुळे झालाय का आणि कमाईची क्षमता किती टक्के गेली, हे वैद्यकीय मंडळ ठरवतं. त्या टक्केवारीच्या प्रमाणात कायमच्या अपंगत्वाचा लाभ मिळतो, तोही आयुष्यभर. पूर्ण अपंगत्व असेल तर पगाराच्या ९० टक्के दरानं. कामगार आजारानं गेला तर अवलंबितांना लाभ मिळतो. मंडळाचा निर्णय पटला नाही तर कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. सुरुवात करायची ती ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन.

ईएसआय नसेल तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. ॲस्बेस्टॉसिस, तसंच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. दावा मालकाविरुद्ध, भरपाई आयुक्तांपुढे. हिशेब कसा होतो ते उदाहरणानं बघू. वय ५०, पगार महिना २० हजार. कायदा पगार १५ हजारांपर्यंतच धरतो, आणि ५० वर्षांसाठीचा गुणक आहे १५३.०९. पूर्ण अपंगत्व असेल तर १५ हजारांचे ६० टक्के, म्हणजे ९ हजार, गुणिले १५३.०९. रक्कम होते १३ लाख ७७ हजार ८१०. क्षमता ३० टक्के गेली असं ठरलं तर याच्या ३० टक्के, म्हणजे ४ लाख १३ हजारांच्या आसपास. मृत्यू झाला असेल तर ६० ऐवजी ५० टक्के धरतात. मालकानं पैसे वेळेत भरले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्रानं चार श्रम संहिता लागू केल्या. त्यात हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत आणि कारखाने अधिनियम कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा-आरोग्य संहितेत. व्यवसायजन्य आजारांची यादी नव्या संहितेतही आहेच. आजार जुन्या काळातला असेल तर कोणता कायदा लागू, हे कामगार वकिलाला किंवा युनियनला पहिल्याच भेटीत विचारा.

कायद्याचं घड्याळ आणि आजाराचं घड्याळ

खरी मेख इथे आहे. १९२३ च्या कायद्यानं दाव्याला दोन वर्षांची मुदत दिली. नोकरी सुटल्यानंतर आजार दिसला तर? दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली तर ती पहिल्यांदा कळली तो दिवस अपघाताचा दिवस धरायचा, असं कलम १० सांगतं. ॲस्बेस्टॉसचा आजार २० वर्षांनीही येतो, कायदा दोनच वर्षं थांबतो. हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर तुटलेला हात होता, वण धरत जाणारं फुप्फुस नव्हतं.

पळवाट एक आहे. योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. आजार कळलाच उशिरा, हे कारण मांडता येतं. पण ते सिद्ध करायला कागद लागतो. म्हणून घरात असा कुणी असेल तर आजच या गोष्टी जमवा: ईएसआय क्रमांक किंवा ओळखपत्र, पगाराच्या पावत्या, नेमणुकीचं पत्र, पीएफच्या नोंदी (कंपनी बंद पडली तरी पीएफ कार्यालयात नोकरीची नोंद सापडू शकते), युनियनची पावती, आणि सगळे जुने एक्स-रे. सोबत काम केलेले दोघे-तिघे हयात असतील तर त्यांचे पत्ते. कंपनीकडे आरोग्याच्या फाईलची मागणी लेखी करा, स्पीड पोस्टानं, १९९५ च्या निकालाचा उल्लेख करून. उत्तर नाही आलं तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार आणि माहिती अधिकाराचा अर्ज, दोन्ही करता येतात. तिथेही दाद लागली नाही तर हायकोर्टात रिट.

आणि डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या. केसपेपरवर फक्त ‘धाप’ किंवा ‘जुना खोकला’ नको. ‘अमुक वर्षं ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम’ असं लिहिलेलं हवं. बरेच डॉक्टर हे विचारतच नाहीत. गंमत म्हणजे कारखाने अधिनियमानुसार असा आजार दिसला की कारखाने निरीक्षकांना कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक होतं, न कळवल्यास दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये.

बांधकाम मजूर, पत्रे बसवणारे, गॅरेजवाले यांची अवस्था सगळ्यात वाईट, कारण मालक कोण हेच धड सांगता येत नाही. बांधकामात वर्षभरात ९० दिवस काम केलं असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते आणि उपचाराच्या मदतीच्या योजनांसाठी अर्ज करता येतो. ही भरपाई नाही, मदत आहे, हा फरक लक्षात ठेवा.

घरावर सिमेंटचा पत्रा आहे, आता?

घाबरून उद्याच उतरवायला जाऊ नका. धड असलेला पत्रा सिमेंटमध्ये तंतू धरून ठेवतो. धोका असतो तो कापताना, भोक पाडताना, तोडताना आणि झिजून भुगा पडायला लागल्यावर. पावसाळ्याआधी पत्र्यावर चढून कोरड्या ब्रशनं शेवाळ घासणं हे आपल्याकडचं ठरलेलं काम आहे, आणि नेमकं तेच करू नये. काम करायचंच असेल तर आधी पाणी मारून पत्रा भिजवा, ड्रिल किंवा कटर मशीन लावू नका, स्क्रू सोडवून पत्रा अख्खा उतरवा. तोंडाला बांधलेला रुमाल या धुळीपुढे काही कामाचा नाही. तुटके पत्रे फोडून अंगणात भराव म्हणून टाकणं तर अजिबात नको.

कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका, झटकू तर अजिबात नका. जगभरात मेसोथेलिओमा झालेल्या अशा बायका आहेत ज्यांनी कारखान्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, फक्त नवऱ्याचे कपडे धुतले होते. अशा बाईसाठी आपल्या भरपाई कायद्यात जागा नाही. ती कर्मचारी नव्हती.

जहाजावर किंवा परदेशात काम केलंय?

कोकणातल्या कितीतरी घरांत कुणीतरी बोटीवर होतं. जुन्या जहाजांच्या इंजिन रूममध्ये पाइपांवर ॲस्बेस्टॉसचं आवरण असायचं. नव्यानं ते बसवण्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले १ जुलै २००२ पासून आणि पूर्ण बंदी २०११ पासून. अशी जहाजं तोडायला येतात ती अलंगला, आणि मुंबईत दारूखान्याला. फ्रान्सची क्लेमान्सू ही युद्धनौका २००६ मध्ये अलंगच्या वाटेवरून परत बोलवावी लागली, ती तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून उठलेल्या वादामुळेच. इंजिन रूममध्ये काम केलेल्या खलाशानं आपलं सीडीसी, म्हणजे खलाशाचं सर्टिफिकेट, जपून ठेवावं. कोणत्या जहाजावर किती महिने, हे त्यात शिक्क्यांसह असतं.

ब्रिटनमध्ये नोकरी करताना संबंध आला असेल, मेसोथेलिओमाचं निदान झालं असेल आणि मालक किंवा त्याचा विमा सापडत नसेल, तर तिथे २०१४ पासून त्यासाठी सरकारी योजना आहे. अमेरिकेत दिवाळखोर कंपन्यांनी काढलेले ट्रस्ट दावे घेतात. त्या वकिलांच्या साइट्स उपयोगी पडल्याच तर एवढ्यापुरत्या.